पाटीवर न लिहिलेली ओळ

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शाळेचे पत्रे वावटळीत उडाले होते, म्हणून आमची पाचवी सोसायटीच्या गोदामात भरायची. सोसायटीकडं वाटायला ना खत होतं ना बी, त्यामुळं गोदाम रिकामंच होतं. बाई नवीन आल्या होत्या आणि त्यांची लिहायला शिकवायची तऱ्हा सगळ्या गावाला चक्रम वाटायची. गाय किती उपयोगी प्राणी आहे, हे त्या लिहू द्यायच्या नाहीत. तुमच्या घरात जे काम चालतं ते लिहा, म्हणायच्या. मग पाटी जोडीदाराला द्यायची आणि जोडीदारानं पाटीवर आहे तेवढंच, आहे तसंच, सगळ्यांसमोर करून दाखवायचं. लिहिणाऱ्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

"उद्या तू तिथं नसशील. मग कोण सांगणार? पाटीच सांगणार," असं म्हणून बाई ओठांवर बोट ठेवायच्या.

हसून हसून आमची पोटं दुखायची. एकानं भाकरी लिहिली आणि पीठ भिजवायचंच विसरला. त्याचा जोडीदार कोरडं पीठ थापत बसला, आणि हा बाजूला तडफडतोय, पण बोलायची सोय नाही. मग पाटी परत घ्यायची, राहिलेली ओळ घालायची आणि पुन्हा करून बघायचं. मला हा प्रकार फार आवडायचा, कारण माझं कधी काही राहत नसे. त्याचा मला माजही होता.

माझ्या जोडीदारणीचं नेमकं उलटं. वाचताना तिची दमछाक व्हायची. पण एकदा वाचलं की ती ते पाळायची. पाटीवर आहे ना, मग तसंच. तुम्ही काही म्हणा.

आमचं गाव वाशी तालुक्यातलं. शेतं करपली तशा बायका फटाक्याच्या शेडवर जायला लागल्या होत्या, पण माझी आई त्याआधीपासूनच तिथं कागदी नळकांड्यांत फटाक्याची दारू भरायची. एका शनिवारी मी तेच लिहिलं. आई हात कसे पुसते, पदर कसा खोचते, कुठं दाबते, कुठं थांबते. बाईंनी दोनदा वाचलं.

"फार छान लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पण हे इथं कुणी करून दाखवायचं नाही. नुसतं वाचायचं."

मी फुलून गेले. जोडीदारणीचं तोंड मात्र एवढंसं झालं. सगळ्यांची पाळी आली आणि हिचीच हुकली.

मधली सुट्टी संपली आणि मी माझी पाटी शोधायला लागले. पाटी नव्हती. जोडीदारीणही नव्हती.

"ती व्हय? तुजी पाटी घिऊन घरला गेली की," कुणीतरी म्हणालं.

बाई 'इथं' म्हणाल्या होत्या, आणि ती शब्दाला धरून चालणारी; म्हणजे घरी चालतंय, असंच तिनं धरलं असणार. तिच्या बापानं भरायचं काम चोरून घरी आणलं होतं. जनावरं छावणीवर गेली होती, गोठा मोकळा होता, तिथं फटाक्याच्या दारूचा डबा ठेवलेला. तिनंच मला शपथ घालून सांगितलं होतं.

बाईंना सांगायचंही मला सुचलं नाही. मी पळत सुटले. पळता पळता माझं लिखाण ओळीओळीनं आठवत होते, कुठं काही राहिलंय का. पदर, हात, कागद. मग आलं, 'पळीनं घ्यायचं.' तिथं एक शब्द राहिला होता. आईची ती पळी लाकडाची होती. त्या कामात लोखंड कुणी जवळही आणत नाही. घासून ठिणगी पडली की सगळं संपलं. आमच्या घरात हे इतकं ठाऊक होतं की ते लिहायला हवं असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचा बाप नवखा, तोही दार लावून काम करायचा. तिला काय माहीत? तिच्यासाठी पळी म्हणजे चुलीपुढची, लोखंडाची.

गोठ्याचं दार उघडं होतं. ती दोन गुडघ्यांत डबा धरून बसली होती. गव्हाणीला टेकवून माझी पाटी ठेवली होती आणि हातात आमटीची पळी होती. डब्यात दारूचा वरचा थर कडक झाला होता, त्याला ती पळीनं डिवचत होती.

"ए, ठिव ती पळी!"

तिनं वर पाहिलं नाही. "बोलायचं न्हाय. बाईंनी सांगितलंय."

"अगं, लोखंड हाय ते!"

"पाटीवर न्हाय तसं," ती म्हणाली आणि पुन्हा पळी घातली. खर्रकन आवाज आला.

झडप घालून पळी हिसकावून घ्यावी, तर आई कायम सांगायची, दारू भरणाऱ्याला कधी दचकवू नको, त्याच्या हाताला हात लावू नको. मग मी तिच्या पुढ्यात, सारवण उखडलेल्या भुईवर, धुळीत बोटानं लिहायला बसले. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लोखंड नको.'

अक्षरं बघून तिचा हात थांबला. "लो... खं... ड..." ती वाचायला लागली. मला वाटलं, हिचं वाचून होणारच नाही. "लोखंड... नको." तिनं पळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आदी का न्हाय लिव्हलंस?"

तिनं पळी टाकायला हात उचलला. मी घाईनं लिहिलं, 'हळू.' तिनं ती मांडीवर, परकराच्या घोळात ठेवली.

"आता?"

'बाहेर ये,' मी लिहिलं.

तिनं तेही अक्षर अक्षर लावून वाचलं. पळी परकरातच सावरत उठली, डब्याला वळसा घातला आणि उन्हात येऊन माझ्यापुढं उभी राहिली. तिच्या बोटांना काळं लागलं होतं. चेहरा मात्र खुलला होता.

"बरुबर केलं न्हवं म्या समदं?" तिनं विचारलं.

मी तिच्या दोन्ही वेण्या धरल्या आणि तिला बडवायला लागले. तीही रडायला लागली, मीही रडत होते, आणि का मारतेस म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारत होती.