लेथ आणि अबोला

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठायचा. वडील गेल्यावर ते काम दादाकडे आलं, पण मी काही खाली मान घालून मार खाणारा धाकटा भाऊ नव्हतो. त्यानं एक दिली की मी दीड परत करायचो. आमच्या दारावरून जाणारी माणसं भांडण ऐकायला मुद्दाम चाल मंद करायची, आणि आम्हीही त्यांना फारसं निराश केलं नाही.

शेती दादा बघायचा. घराच्या अंगाला त्यानं तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी घातली होती. मी तीन वर्षं जालन्याच्या एका जिनिंग कारखान्यात फिटरच्या हाताखाली काढून गावी परतलो होतो, आणि येताना तिथल्या भंगारातून एक जुना छोटा लेथ उचलला होता. परतूरपर्यंत रेल्वेनं, पुढे बैलगाडीनं. लोखंडाची कांब गरागरा फिरवायची, तिला पोलादी हत्यार लावायचं, की साल निघत जाते, एवढंच ते यंत्र. त्यावर पोट भरायचं नव्हतं. निव्वळ नाद होता. वैनी, म्हणजे दादाची बायको, त्याला 'खराद' म्हणायची. दादा त्याला 'तुझी पैली बायको' म्हणायचा, कारण खरी अजून यायची होती.

गिरणीच्या भिंतीला लागून एक खोली होती, तिथे मी लेथ मांडला. तो पायानं चालायचा आणि निम्म्या जागी झिजलेला होता. पहिलं वर्ष मी नुसता त्याचा पाट, म्हणजे हत्याराचा ठोकळा ज्यावरून सरकतो ते लोखंडी बूड, खरवडून सरळ करण्यात घालवलं. मग हत्यार धरायचा नवा ठोकळा केला. लांब कांब लवू नये म्हणून तिला मधे टेकू देणारी एक चौकट केली. कांबेला घट्ट पकडून फिरवणारी एक लोखंडी कडी केली, तिच्यातून कसणीचा बोल्ट बोटभर बाहेर यायचा. तो बोल्ट कापून आखूड करायला हवा होता. मला तो तसाच रुबाबदार वाटला, ठेवला.

मग मला वाटलं, पायानं किती दिवस हाणायचं? गिरणीचं इंजिन भिंतीपलीकडे धडधडत असतंच. मी दादाला न विचारता भिंतीला भोक पाडलं आणि गिरणीच्या शाफ्टवरून चामडी पट्टा आत घेतला. त्या भोकापायी माझा ओठ फाटला आणि दादाच्या डोळ्याखाली आठ दिवस काळंनिळं राहिलं. पण पट्टा राहिला. लेथ असा फिरायला लागला की काय सांगू! पूर्वी सोललं जायचं, आता लोखंड अक्षरशः फाडलं जायचं. निळ्या पडलेल्या गरम साली उडून दंडाला चिकटायच्या, तरी मी हसायचो.

दादा दारात उभा राहून म्हणाला, "अन् थांबवणार कसा?"

प्रश्न बराबर होता. पायानं चालायचा तेव्हा पाय उचलला की थांबायचा. आता पट्टा उतरल्याशिवाय थांबणार नव्हता, आणि तो उतरायचा तर भिंतीपलीकडून बांबूनं ढकलून.

"तू हायेस की तिकडं," मी म्हणालो. "मी आवाज दिला की पट्टा उतरव."

माझ्या बाजूनं पट्टा सोडायचा दांडा मी करणार होतो. आज करू, उद्या करू. तोडणारी एकेक वस्तू मी रात्रंदिवस डोक्यात घोळवली, थांबवणारी मात्र मागे पडत गेली.

खरं मोठं भांडण झालं ते आखावरून. लढाईची वर्षं होती, चांगलं लोखंड मिळायचं नाही. मला लेथच्या हत्याराला सरकवणारा लांब आट्याचा दांडा करायचा होता, आणि दादानं गाडीच्या चाकांसाठी आणलेला नवा आख ओसरीत पडला होता. तो मी कापला. विचारलं असतं तर दिला नसता, म्हणून विचारलं नाही.

दादा शेतातून आला, ओसरी बघितली, आणि जुवाची खीळ उपसून सरळ खोलीत शिरला. पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला. मी हातातला पाना त्याच्या तोंडावर मारला. दात तुटून त्याच्याच जिभेवर आला, तो त्यानं माझ्या अंगावर थुंकला. आम्ही लोखंडाच्या सालींवर लोळलो, दोघांच्या पाठी सोलून निघाल्या. मी त्याच्या कानाला चावलो. त्यानं माझं डोकं लेथच्या पायावर तीनदा आपटलं. वैनीनं कळशीभर पाणी ओतलं तेव्हा आम्ही सुटलो.

त्या दिवसापासून अबोला.

एका ताटलीतली चटणी खायची, एका विहिरीवर अंघोळ करायची, आणि शब्द म्हणून बोलायचा नाही. सगळा कारभार वैनीमार्फत. मला लेथ थांबवायचा असला की मी ओरडायचो, "वैनी, पट्टा उतरवायला सांगा!" वैनी चुलीपासून ओरडायची, "अहो, उतरवा म्हणून राह्यले!" मग पलीकडे बांबू हलायचा. दादाला माझं ओरडणं आधीच ऐकू आलेलं असायचं. भिंत ती केवढीशी! पण वैनीनं सांगितल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही, आणि मीही थेट हाक मारायचो नाही. वैनी म्हणायची, "भाऊजी, मलाच एक पट्टा बसवा, म्हंजे मी दोघांच्या मधे आपोआप फिरत राहीन." आम्ही दोघंही हसायचो, वेगवेगळ्या खोल्यांत.

असे सात महिने गेले.

बाजाराचा दिवस होता. आदल्या दिवशी वैनी उरसाला जाऊन आली होती, आणि दोघा भावांचं जुळावं म्हणून तिनं दर्ग्यातला गंडा आम्हा दोघांच्या उजव्या मनगटाला बांधला होता. सातपदरी, पिळाचा, चांगला जाड धागा. सकाळी माझ्या खोलीत डोकावून ती म्हणाली, "भाऊजी, मी बाजारला चालले. तवर दोघं बी गप बसा."

मी गप बसलो नाही. कांब लावली. साल काढून झाल्यावर गुळगुळीत झाली का बघायला हात पुढे केला, आणि कडीच्या त्या रुबाबदार बोल्टनं गंडा पकडला.

मनगट ओढलं गेलं. धागा तुटेना, गुंडाळत गेला. जाड कांबेसाठी पट्टा मोठ्या चाकावर घातलेला, म्हणून लेथ सावकाश फिरत होता, पण जोर इंजिनाचा होता. माझा डावा हात कशाला धरावं ते शोधत होता आणि धरायला तिथे काही नव्हतं.

मी ओरडलो, "वैनी, पट्टा उतरवायला सांगा!"

मनगटात कडकन आवाज झाला.

"वैनी, सांगा की!"

दोन बोटं कडी आणि ठोकळ्याच्या मधे गेली. हाडं चिरडल्याचा आवाज मला माझ्या दातांत ऐकू आला. रक्त पाटावर सांडलं, कांबेवरून चहूकडे उडालं, माझ्या तोंडात आलं. तिसऱ्यांदाही मी वैनीलाच हाक मारली. चौथ्यांदा माझ्या तोंडून निघालं, "दादा!"

तो शब्द पुरा व्हायच्या आत पट्टा उतरला.

दादा आत आला, दातांनी गंडा तोडला, आणि धोतर फाडून माझा हात बांधला. परतूरपर्यंत त्यानं बैलांना असं झोडपलं की त्यांच्या पाठीवर वळ उठले. रेल्वेत पूर्ण वेळ माझा हात त्यानं आपल्या छातीशी उंच धरून ठेवला. जालन्याच्या दवाखान्यात दोन बोटं काढली. तिसरं राहिलं, पण वाकत नाही.

तिसऱ्या दिवशी तो खाटेजवळ जमिनीवर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी ऐकलं व्हतं."

मी बांधलेला हात चादरीखाली घेतला.

"पैल्याच हाकेला ऐकलं. बांबू घेऊन उभाच व्हतो. म्हणलं, मला हाक मारंल तवा उतरवीन. ती बाजारला गेल्ती, मला ठावं व्हतं. तुला बिचाऱ्याला कुठं ठावं! तू तिची वाट बघून राह्यल्ता, अन् मी उभा." त्याच्या तुटक्या दातातून थुंकी उडत होती. "तुझी बोटं मी खाल्ली."

एवढा आडदांड माणूस, कपाळ खाटेच्या लोखंडावर आपटून रडत होता. आणि मला काय वाटलं? खरं सांगतो, मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला पुरता पाडला होता.

त्यानंतर त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. माझ्या वाटणीची नांगरट तो करायचा, जेवताना भाकरी कुस्करून माझ्या ताटात ठेवायचा. तो गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वैनी घरात नाही हे मला ठाऊक होतं, ती मलाच सांगून गेली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. वैनीलाही ते माहीत होतं. सात महिने आमचा एकेक शब्द इकडून तिकडे नेणारी ती बाई, हा शब्द मात्र तिनं नेला नाही. जेवायला वाढताना ती नुसती माझ्याकडे बघायची. मी सांगेन, याची वाट बघत असावी.