शिळं पाणी

आमच्या मामाच्या खोलीत दोन बादल्या कायम भरलेल्या. त्यातलं तांब्याभर घ्यायला गेलात तर ओरडणार, "ए, ते शिळं व्हायचंय!" लोक ताजं पाणी भरतात, हा माणूस शिळं करतो. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जाऊ द्यायचं. मग त्यातलं थोडंथोडंच माशाच्या टाकीत घालायचं. एकदम सगळं बदललं की मासा दगावतो. आतला स्पंजसुद्धा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो. माशाची घाण पचवणारे जंतू त्यात राहतात म्हणे.

मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिथं दिवसभर तोंड बंद. घरी आला की म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा म्हणजे टाकीतला एकुलता एक गोल्डफिश, वयानं पांढरा पडलेला. गल्लीतले हसतात. माझ्यासमोर हसून दाखवा म्हणावं.

आजीच्या आजारपणात मामाचं आणि मोठ्या मावशीचं वाजलं, तेव्हापासून अबोला होता. परवा मावशी आपणहून आली. मामा दुकानात. शेजारणीकडून किल्ली घेतली आणि लागली कामाला. शिळं पाणी मोरीत ओतलं, टाकी घासली, स्पंज साबणानं धुतला, नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं.

मी मामाबरोबरच आत शिरले. टाकी लखलखत होती. म्हातारा वर येऊन तोंड वासत होता.

"काय घाण साठवली होतीस रे! तूच आजारी पडला असतास."

"अगं मावशे, तू त्याला..."

मामानं माझा दंड असा दाबला की बस्स. "छान केलंस, ताई. चहा टाक ना."

ती शेगडीकडं वळली तसं त्यानं म्हाताऱ्याला पातेल्यात घेतलं. खाली न्हाव्याच्या दुकानात माशांची जुनी टाकी आहे, शिळ्या पाण्याची, तिथं सोडायला मला पिटाळलं. जिन्यातच म्हातारा आडवा झाला, परत हलला नाही. रिकामं पातेलं घेऊन वर आले. मामानं पातेल्यात बघितलं आणि कप मांडायला घेतले.

"तो पांढरा मासा कुठं गेला रे?" मावशीनं विचारलं.

"न्हाव्याला दिला. एकटा असतो बिचारा."

"आणि तू रे, राजा? तुझा मोठा गोतावळा!" मावशी खळखळून हसली. मामापण हसला.

निघताना ती म्हणाली, "येईन परत."

"कधीही ये, ताई."

ती गेली. मी म्हटलं, "आता दुसरा मासा आणू या?"

"नको. ताई येणारे."

"आणि नाही आली तर?"

"तू घरी जा आता. आई वाट बघत असेल."