वन्संची पाठ

अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस वेळेवर बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तिने नर्सिंगच्या मुलींना जन्मभर शिकवलं. आता नणंदच तिच्या घरी अंथरुणाला खिळली होती, आणि दोघींचं पहिल्यापासून वाकडं. ती वळवायला गेली की नणंद अंग ताठ करायची. पाठ लाल दिसू लागली होती.

"मी काय गोणी आहे, न सांगता उलथायला? आणि हात बघ, बर्फाचे गोळे."

"तोंड मात्र ठणठणीत आहे तुमचं, वन्सं."

पण संध्याकाळी तिने आधी गरम पाण्यात हात शेकले आणि विचारलं, "वळवू का?"

"इतके दिवस नाही सुचलं? मास्तरीण म्हणे," नणंद फणकारली, आणि तिने अंग सैल सोडलं.