मामाजींचा हात आणि मोरीतला नळ

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे अमृतराव, तामसीत भाजीचा मळा करतात. नळाच्या बाबतीत त्यांचा कोणावरही विश्वास नाही. आम्ही नळ बंद केला, की ते मागून येऊन पुन्हा करकचून आवळतात. लहानपणी त्यांच्या आईने कोसभरावरून पाणी वाहिलं, त्यामुळे थेंब वाया गेलेला त्यांना बघवत नाही.

तरी महिनाभर मोरीतला नळ गळत होता आणि बोलणी खात होत्या माझ्या सासूबाई. "तुले सादा नळ बंद करता येत नाई? कितीदा सांगून राह्यलो!" मला असा राग यायचा, की हातातलं भांडं आपटावं. सासूबाई मात्र गुपचूप नळाखाली घागर ठेवायच्या.

शेवटी परवा मामाजी स्वतःच पान्हा घेऊन बसले. टाकीचं पाणी बंद केलं, स्क्रू काढून नळाची मूठ उतरवली, आतलं वायसर बाहेर काढलं. ते पार चपटं होऊन मधोमध चिरलं होतं.

"हे आवळून आवळून चिरलं, मामाजी," मी बोललेच.

त्यांनी वायसर तळहातावर उलटंसुलटं करून पाहिलं. मग नवं बसवलं, मूठ लावली.

सासूबाईंनी हात धुतले आणि दोन बोटांनी नळ बंद केला. एकही थेंब पडला नाही. सवयीने मामाजींचा उजवा हात नळाकडे निघाला. मग डाव्या हाताने त्यांनी तो पाठीमागे धरून ठेवला.