गवरीच्या निऱ्यांतला तेरडा

तेरड्याचं बी विकत आणणारी आमच्या वैशाखरे गावात मी पहिलीच असेन. पावसाळ्यात आमच्याकडे बांधाबांधावर तेरडा आपला आपण उगवतो. पण कल्याणहून मी आणलेलं बी दुहेरी पाकळ्यांच्या तेरड्याचं होतं, फूल थेट लहान गुलाबासारखं.

सासूबाईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "आता गवत पन पाकिटात मिलतं का गो?"

उगवलेली रोपं कोंबड्यांनी खाल्ली. एकच वाचलं. त्याच्यावर टोपली उपडी घातली, पुढे कुंडीत हलवलं, शेंडा खुडून फांद्या फोडल्या. फुलं आली तशी एकही तोडू दिली नाही. मला बी धरायचं होतं. पुढच्या वर्षी अख्खं अंगण त्या एका रोपावरच भरणार होतं.

आणि गणपतीत गवर आली. आमच्यात गवर म्हणजे तेरडाच. मुळासकट उपटून आणायचा, मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. धोका ओळखून मी सकाळीच बांधावरून भाराभर तेरडा आणून पडवीत टाकला आणि अंघोळीला गेले. येऊन बघते तर कुंडीत नुसता खड्डा.

"आई, अहो, बोंडं हिरवी होती अजून. बियाला ठेवला होता तो."

"मंग गवरीला बांदावरला देऊ, नि तुजी राणी कुंडीत बसंल? तिला राग नाय येनार?"

ज्या बाईचे गुडघे बांधापर्यंत जात नाहीत, तिचे कुंडीपर्यंत बरोबर गेले होते.

नेसवायचं काम दरवर्षी माझं. निऱ्या घालायला घेतल्या, तर आतून टिक असा आवाज आला. मग आणखी एक. खालची बोंडं पिकलेली निघाली. पिकलं बोंड हात लागताच फुटतं. एक बी माझ्या गालावर बसलं, बाकीचं निऱ्यांत. मग बी घड्यांतच अडकून राहावं म्हणून मी निऱ्या सोडल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा सोडल्या.

"आज लय मन लावून नेसवतंस," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

विसर्जनाला साडी उतरवताना मी खाली सूप धरलं. घड्या झटकल्या तसं तपकिरी बी सुपात टपटपलं. हिरवी राहिलेली बोंडंही दोन दिवसांत साडीच्या उबेला पिकली होती.

सासूबाईंनी सुपात डोकावून हात जोडले. "बग, गवरीनंच तुजी ओटी भरली."

"भरली खरी. आधी तो पंखा बंद करा, आई. उडतंय."