चुलीकडे तोंड केलेला मासा

नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरच्या सगळ्या बोटींत आळशी बोट कुणाची म्हणाल, तर आमची. इंजिन उत्तम, जाळी उत्तम, मी तर काय, उत्तमच. पण आमचा तांडेल म्हणजे माझे दाजी, इंग्वाल्ड. आणि दाजींचा तांडेल म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेला एक मेलेला कॉड मासा.

कपाळावर टेंगूळ असलेला कॉड क्वचित सापडतो. तो कॉडांचा राजा. त्याला विकत नाहीत, खात नाहीत. वाळवून दोऱ्यानं छताला टांगतात. हवा बदलली की तो म्हणे वळतो. नाक खिडकीकडे, म्हणजे समुद्राकडे, असलं तर निघा; चुलीकडे असलं तर बसा घरी. बाकीच्यांकडे तो नुसता शोभेला, माणसं आपली रेडिओ ऐकून निघतात. दाजी रेडिओवर खेकसायचे, "हा बोलणारा कधी बोटीत ओकलाय का? मग ह्याचं काय ऐकायचं!"

आणि कॉड काही आमच्यासाठी थांबत नाही. उत्तरेकडून अंडी घालायला जानेवारीत येतो, एप्रिलात चालता होतो. तेवढ्यात मिळेल त्यावर वर्ष काढायचं. नेमकी खाडीत माशांची झुंबड उडाली, की आमचा राजा चुलीकडे तोंड करून बसलाच म्हणून समजा! शेजारचा सिव्हर्ट मुद्दाम धक्क्याजवळून बोट नेत ओरडायचा, "काय रे आर्न्ट, राजेसाहेबांना थंडी वाजतेय वाटतं?"  मी आपला खाली मान घालून तीच ती जाळी पुन्हा सांधत बसायचो.

एकदा मार्चात सकाळी रेडिओ म्हणाला, वारा मंद. दाजी खाली बोटीत होते. मी डबा न्यायला घरात शिरलो, तर हाल्डिसताई, म्हणजे माझी थोरली बहीण, स्टुलावर उभी! एका हातात राजाचं शेपूट, दुसऱ्या हातात पेटती मेणबत्ती. राजाला चुलीकडे फिरवून दोऱ्याच्या गाठीवर मेणाचा थेंब टाकत होती, पुन्हा हलू नये म्हणून.

माझं डोकंच फिरलं. "ताई! इतकी वर्षं तू... अगं, लोक हसतात आम्हाला!"

"हसू देत. हसायला जिवंत माणसं लागतात."

"रेडिओ स्वच्छ सांगतोय, हवा चांगली आहे!"

"रेडिओचं काय जातंय? तो काय बुडणारे?" ती खाली उतरली. "बाबा गेले त्या दिवशीही त्यानं हेच सांगितलं होतं."

त्या दिवशी बाबांच्या बोटीची एक फळी तेवढी घरी आली होती. ताईची जीभ कॉडची डोकी उडवायच्या सुरीहून धारदार, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर चालायची; पण बाबांचा विषय तिनं त्या दिवशी पहिल्यांदा काढला. वर दम दिला, "ह्यांना सांगितलंस, तर ह्या घरात जेवायला यायचं नाही." कॉड, त्याचं काळीज आणि गाबोळी, म्हणजे त्याची अंडी, उकडावी ती ताईनंच. मी खाली जाऊन दाजींना एवढंच सांगितलं, राजा चुलीकडे बघतोय.

गंमत बघा, दुपारी खरंच वादळ झालं. सिव्हर्ट परत आला तो केबिनचं छप्पर समुद्राला देऊन. दाजींची छाती अशी फुगली की विचारू नका. "मासा तारी त्याला कोण मारी!" सगळ्या गावाला ऐकवत फिरले. ताईचा चेहरा मात्र पांढराफटक. दुसऱ्या दिवशी सिव्हर्टची बायको केक घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "उद्याही चुलीकडेच बघू दे गं त्याला. कालपासून आमचेही ऐकायला लागलेत त्याचं." म्हणजे बायकांना सगळं ठाऊक होतं, अज्ञानात आम्ही पुरुषच.

दाजी गेल्या शरदात गेले. त्यांच्या घराण्यात अंथरुणात मेलेला पहिला माणूस, आणि त्याचा त्यांना केवढा राग! शेवटी विचारलं ते माशाचंच, "कुठं बघतोय?" ताई म्हणाली, "समुद्राकडे." तेव्हा कुठं शांत झाले.

बोट माझ्याकडे आली. म्हटलं, सुटलो बुवा एकदाचा! यंदा कॉडही असा आला की म्हातारे म्हणायला लागले, असा कधी पाहिला नव्हता. रेडिओ म्हणाला, वारा मंद. मी बूट चढवून डबा घ्यायला ताईकडे गेलो.

राजा चुलीकडे तोंड करून होता. गाठीवर ताजं मेण. स्टूल अजून त्याच्या खालीच. ताई पाठमोरी बसून बटाटे सोलत होती.

"ताई, अगं बाहेर बघ तरी. ऊन पडलंय."

"मी कशाला बघू? मासा बघतोय ना."

"वादळ येणार म्हणतेस?"

"येणारच," ती म्हणाली. "कधी ना कधी."

सुरी बटाट्यावर चालतच नव्हती. एवढ्या मोठ्या घरात आता चुलीजवळ बसवायला तिला मी एकटाच उरलो होतो. 

खिडकीतून सिव्हर्टची बोट बाहेर पडताना दिसली. मी स्टूल भिंतीशी सरकवलं, त्यावर बसलो आणि बूट काढले.