सही नाही, अंगठा आहे

निवृत्त झाल्यापासून माझे सत्कार फार होतात. शाल, श्रीफळ आणि एक ठरलेलं वाक्य: झोपडीतून न्यायासनापर्यंत. ते म्हणताना वक्ता आवाज जरा चढवतो. माइक माझ्या हातात आला की मी दर वेळी दुरुस्ती करते. आमची झोपडी नव्हती. रामाकोन्याजवळच्या गावात आमच्या विटामातीच्या दोन खोल्या होत्या, वर कवेलूंचं छप्पर होतं आणि त्या बाबांनी स्वतःच्या हातानं बांधल्या होत्या. दुसरी दुरुस्ती अशी, की गरिबीनं मला काही शिकवलं नाही. शिकवलं ते शाळेनं. गरिबीचे उपकार मानायला मी तयार नाही. लोक टाळ्या वाजवतात, कारण त्यांना हा विनय वाटतो. तो विनय नाही, राग आहे, आणि तो कशाचा आहे ते एकदा लिहून ठेवते.

आईबाबा संत्र्याच्या बागांत मजुरीला जायचे. बागेचा माल ठेकेदार झाडावर असतानाच विकत घ्यायचा आणि तोडीला आमच्यासारखी माणसं लावायचा. मी सहावीत होते त्या वर्षी ठेकेदाराच्या माणसानं बाबांना बांबूनं मारलं. फळं देठासकट तोडत नाहीस म्हणून तो ओरडला आणि बाबा म्हणाले, टोपली पाहून घ्या. एवढंच. उलट बोलला, हा गुन्हा. बाबांचं डावं कोपर मोडलं ते पुन्हा कधी सरळ झालं नाही. आई तीन झाडं सोडून फळं तोडत होती, तिनं सगळं पाहिलं. बाकीच्या मजुरांनीही पाहिलं होतं, पण पुढच्या आठवड्यात त्यांना त्याच बागेत काम हवं होतं. बाबा दवाखान्यात होते, म्हणून ठाण्यात जाऊन रिपोर्ट आईनं लिहवली आणि खाली अंगठा लावला.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही. त्या दिवशी जे झालं ते तेव्हा कुठल्याही कोर्टात झालं असतं. मी शाळेत होते, त्यामुळे मला ठाऊक आहे ते आईच्या तोंडून ऐकलेलं, आणि तेही इतक्यांदा की मला ते पाठ आहे. ठेकेदाराच्या वकिलानं रिपोर्टचा कागद तिच्यापुढं धरला, अंगठ्याच्या निळ्या डागापाशी बोट ठेवलं आणि विचारलं. पुढचं आई असं सांगायची:

‘त्यानं म्हटलं, हे सही नाही ना? मी म्हणली, सही नाही जी, अंगठा हाय. सारे हासले अन् केस गेली.’

आरोपी सुटला. गावात मात्र एवढंच पोचलं, की बाई कोर्टात फुटली. ठेकेदारानं तिला लुगडं दिलं म्हणे. कुणी म्हणे चांदीचे गोठ दिले. विहिरीवर बायका तिच्याकडं पाठ करून दोर ओढायच्या. आई सगळ्यांना सांगत सुटली की मी काही फिरले नाही, अंगठेवाल्या बाईचं कोर्टात कोणी खरं धरत नाही, म्हणून केस गेली. तिला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं. बाबांनी तिला कधी एका शब्दानं विचारलं नाही. उजव्या हातानं काम करत राहिले, जेवत राहिले. ते न विचारणंच तिला सगळ्यात जास्त लागलं.

मग ती माझ्या मागं लागली. सही शिक. अशी शिक की कोर्टात कोणाला हसता येऊ नये. तिच्या लेखी सारं शिक्षण म्हणजे सही होतं, अन् बी.ए. म्हणजे जरा मोठी सही. मी सौसरला हायस्कूल केलं, छोट्या लाइनच्या गाडीनं नागपूरला जाऊन वकिली शिकले. सुट्टीत तोडीला जात होते, कापूस वेचत होते. मुलाखत घ्यायला येणारे विचारतात, प्रेरणा कुठून मिळाली. प्रेरणा वगैरे काही नाही. आमच्या घरावर एक आळ होता आणि तो मला उतरवायचा होता.

वकिलीच्या पहिल्याच वर्षी मी त्या खटल्याच्या नकलेसाठी अर्ज केला. बाबा आदल्या उन्हाळ्यात गेले होते. नकल शाखेतले बाबू म्हणाले, इतका जुना कागद काय करता, आता ही फाइल नष्ट करायच्या यादीत आहे. मी म्हटलं, म्हणूनच आज हवी. चार चकरा मारायला लावून त्यांनी ती दिली. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून मी आईची साक्ष वाचली. सगळी हिंदीत, कारण आमचा भाग मराठी बोलणारा असला तरी राज्य हिंदीचं आणि कोर्टही हिंदीचं. शेवटची ओळ अशी होती: ‘यह कहना सही है कि मेरी रिपोर्ट सही नहीं है।’

मी ती तीनदा वाचली. वकिलानं विचारलं होतं हिंदीत, की हे बरोबर नाही ना. आई ऐकत होती मराठीत, आणि बोट होतं अंगठ्याच्या डागावर. तिनं सरळ उत्तर दिलं, की ही सही नाही, अंगठा आहे. न्यायाधीश बाहेरचे, मराठी न कळणारे. त्यांना ‘सही नाही’ एवढं समजलं आणि त्यांनी तेवढंच लिहवलं. अंगठा कागदावर आलाच नाही. लहानपणापासून हजारदा ऐकलेलं वाक्य, पण मी ते आईच्या तोंडून मराठीतच ऐकत आले होते. वकील झाल्यावरही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याची मला आजही लाज वाटते. आणि चीड याची, की त्या खोलीत दोन्ही भाषा जाणणारे वकील होते, कारकून होते, पुकारा करणारा शिपाई होता. हसले म्हणजे त्यांना समजलं होतं. समजून ते हसले आणि गप्प बसले.

त्याच दुपारच्या गाडीनं मी घरी गेले. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला ती ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला, पुन्हा सांगितला. ती फुटली नव्हती, हरली नव्हती, अंगठ्याचाही दोष नव्हता. मला वाटलं ती रडेल, निदान गावाला दोन शिव्या देईल. तिनं मांडीवरच्या शेंगा सुपात टाकल्या आणि म्हणाली, ‘मंग आता तुह्या बापाले कोन सांगन?’

 

न्यायिक सेवेच्या मुलाखतीत एक सदस्य माझ्या हिंदीला हसले. आमच्या भागातली हिंदी ती, मराठीच्या अंगानं चालणारी. अशा हिंदीत निकाल कसे लिहाल, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, निकाल तुमच्या हिंदीत लिहीन, पण साक्षीदाराचं मात्र त्याच्या भाषेत ऐकेन. निवड झाली तेव्हा मलाच नवल वाटलं.

पुढं खुर्चीत बसल्यावर मी एक नियम केला. साक्षीदार जे बोलला ते आधी त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहायचं, मग त्याची हिंदी. ‘मारून राहिला होता’ म्हणजे मारत होता. मारून तिथंच थांबला होता, असं नव्हे. ‘सही’ हा शब्द आला की मी टंकलेखकाला थांबवून विचारायचे, कुठली सही? वकील वैतागायचे. वरिष्ठांनी माझ्या गोपनीय अहवालात शेरा मारला, की साक्षी नोंदवायला अवाजवी वेळ लावतात. मी उत्तर पाठवलं आणि सोबत एका जुन्या साक्षीची नकल जोडली. साक्षीदार बाई कोण, ते लिहिलं नाही. शेरा तसाच राहिला, बढती लांबली. मी माझी पद्धत सोडली नाही, आणि तीच पद्धत घेऊन उच्च न्यायालयात गेले.

गेल्या हिवाळ्यात पांढुर्ण्याला वकिलांनी सत्कार ठेवला. जिल्हा झाल्यापासून तिथं उत्साह फार. मी एकच अट घातली, की आमच्या गावच्या लोकांनाही बोलवा. दोन जिपा भरून माणसं आली. आई पहिल्या रांगेत बसली होती. ऐंशीच्या पुढची, कानानं मंद, पण नजर शाबूत. झोपडीचं वाक्य झालं. मग मी उठले आणि भाषण न करता ती नकल वाचली. पहिल्यांदा कागदावर होती तशी, मग आई बोलली होती तशी. सभागृहात कोणी हसलं नाही. आमच्या गावची माणसं खाली पाहत होती. पाहू दे, मला त्यांची दया आली नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण वकील पाहुण्यांची वही घेऊन आईपाशी आला आणि अदबीनं म्हणाला, माताजी, यहाँ सही कर दीजिए. आईला सही येते. त्या नकलेनंतर मीच तिला शिकवली, आणि बँकेत ती ठसक्यात करते. तिनं पेन घेतलं, पाहिलं आणि टोपण लावून परत दिलं.

‘अंगठा लावतो,’ ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात.

शाईचं पॅड कोणाजवळ नव्हतं. ते शोधायला माणूस ऑफिसात पळाला, ऑफिसला कुलूप, किल्ली दुसऱ्याजवळ. चहा थंड झाला, मोठे पाहुणे घड्याळ पाहू लागले, मी आईला घाई केली नाही. शेवटी पॅड आलं. तिनं डावा अंगठा त्यावर नीट फिरवला, वहीच्या मधोमध दाबला आणि उचलला. गावची माणसं भोवती उभी होती. त्या तरुणानं वही सरळ केली, निळा ठसा पाहिला आणि सवयीनंच विचारलं, ‘सही है न, माताजी?’

आईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती गावच्या माणसांकडं पाहत होती.

‘सही हाय,’ ती म्हणाली. ‘लिहून घे.’